'मनीबॉल'मधील गाळलेला अध्याय

एखाद्या पुस्तकाची कीर्ति त्याच्या विषयाची वेस ओलांडून बाहेर पडली, म्हणजे तें वाचणारांपेक्षां त्याचा दाखला देणारेच अधिक होतात. मायकेल लुइस ह्या अमेरिकन ग्रंथकाराच्या 'मनीबॉल' ह्या २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचें असेंच झालें आहे. विषय बेसबॉलचा, परंतु व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आणि व्यापाऱ्यांच्या बैठकींतहि त्याचें नांव घेण्यांत येतें, आणि निर्धनानें बुद्धीच्या बळावर धनवंतास कसें जिंकावें ह्याविषयीं तें प्रमाण मानलें जातें. लुइस ह्यांची लेखणी चपळ आहे. माणसें उभीं करण्याची आणि आंकड्यांसारखा रुक्ष विषय कादंबरीप्रमाणें वाचावयास लावण्याची हातोटी त्यांना उत्तम साधली आहे. ह्या गुणांची स्तुति पुष्कळांनीं केली असल्यामुळें ती आम्ही येथें वाढवीत नाहीं. प्रमाण म्हणून जें पुढें केलें जातें, त्यांतील मुख्य प्रमेय सिद्ध झालें आहे कीं नाहीं, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे. आणि तें पाहूं जातां एक अख्खा अध्याय गाळला गेला आहे असें आम्हांस दिसतें.

आमच्या बहुतेक वाचकांस हा खेळ अपरिचित असेल, म्हणून त्याविषयीं दोन शब्द आधीं सांगणें अवश्य आहे. क्रिकेटचा गोलंदाज आणि बेसबॉलचा पिचर हे चुलतभाऊ खरे. पण क्रिकेटांत पांचसहा गोलंदाज षटकें वांटून घेतात, तर बेसबॉलांत सामन्याच्या आरंभीं ज्याच्या हातीं चेंडू दिला तो पिचर दमेपर्यंत एकटाच फेकीत राहतो, आणि नंतर साधारणपणें चार दिवस विश्रांति घेतो. त्यामुळें प्रत्येक संघास असे पांच पिचर लागतात, आणि १६२ सामन्यांच्या हंगामांत एकेकाच्या वांट्यास तीसबत्तीस सामने येतात. नव्या खेळाडूंची वांटणी दरवर्षीं 'ड्राफ्ट'मध्यें होते. लुइस ज्या काळाविषयीं लिहितात त्या काळीं आदल्या हंगामांत जो संघ अधिक हरला, त्याची पाळी साधारणपणें आधीं येत असे. निवडलेला खेळाडू मेजर लीगमधील पहिलीं सहा वर्षें त्याच संघाशीं बांधलेला राहतो. त्यानंतर तो मोकळा होऊन अधिक पैसे देणाराकडे जाऊं शकतो. हे नियम ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील विवेचनाचें मर्म कळणार नाहीं.

लुइस ह्यांची कथा थोडक्यांत अशी. २००२ सालीं ओकलंड ॲथलेटिक्स ह्या संघाचा खेळाडूंवरील खर्च सुमारें चार कोटी डॉलर होता. न्यूयॉर्क यांकीजचा सुमारें साडेबारा कोटी. सामने मात्र दोघांनींहि सारखेच जिंकले, म्हणजे १०३; शिवाय ओकलंडनें त्या हंगामांत लागोपाठ वीस विजय मिळविले. संघाचे जनरल मॅनेजर बिली बीन ह्यांनीं जुन्या पारख्यांच्या नजरेपेक्षां आंकड्यांवर अधिक भरंवसा ठेविला, आणि बाजारांत ज्या गुणांस भाव नव्हता ते स्वस्तांत विकत घेतले. कोपर निकामी झाल्यामुळें बाजारांतून जवळजवळ बाद झालेला स्कॉट हॅटेबर्ग हा फलंदाज, आणि जमिनीलगत हात नेऊन विचित्र तऱ्हेनें चेंडू फेकणारा चॅड ब्रॅडफर्ड हा पिचर, ह्या दोघांस एकेक स्वतंत्र प्रकरण मिळालें आहे. दोन्ही प्रकरणें वाचनीय आहेत. परंतु ब्रॅडफर्ड हा सामन्याच्या उत्तरार्धांत एखादा डाव फेकण्यास येणारा पिचर. आरंभापासून भार वाहणारे कोठें आहेत?

त्यांचीं नांवें टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झीटो. १०३ विजयांपैकीं ५७ विजय ह्या तिघांच्या नांवावर नोंदलेले आहेत: झीटो २३, मल्डर १९, हडसन १५. अमेरिकन लीगमधील सर्वोत्कृष्ट पिचरला दिलें जाणारें साय यंग पारितोषिक त्या वर्षीं झीटोला मिळालें. पुस्तकांत ह्यांचा उल्लेखच नाहीं असें नव्हे. झीटोच्या निवडीची हकीकत तेथें आहे. पण कथेचा भार त्यांच्यावर कोठेंहि टाकलेला नाहीं, आणि २०११ च्या चित्रपटांत तर ते जवळजवळ अदृश्य झाले आहेत. हा आक्षेप अमेरिकेंतहि घेण्यांत आला आहे. आम्हांस त्यापुढें जाऊन असें वाटतें कीं, हे तिघे संघांत आले कसे, ह्या प्रश्नाच्या उत्तरांतच दुबळ्या संघाच्या पुनर्रचनेचें वर्म आहे, आणि तेंच लुइस ह्यांनीं उलगडून दाखविलें नाहीं.

मल्डर १९९८ च्या ड्राफ्टमध्यें दुसऱ्या क्रमांकावर मिळाला. कारण १९९७ सालीं ओकलंड ९७ सामने हरलें होतें. झीटो १९९९ मध्यें नवव्या क्रमांकावर मिळाला. कारण १९९८ सालींहि संघ हरणारांतच होता. म्हणजे तिघांपैकीं दोघे बीन ह्यांच्या गणितामुळें मिळाले असें म्हणण्यापेक्षां, पराभूतांसाठीं घातलेल्या अन्नछत्रांतील पुढच्या पंगतींत बसावयास मिळालें म्हणून ते हातीं आले, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल. राहिला हडसन. तो १९९७ मध्यें सहाव्या फेरींत सांपडला. दीडशेंहून अधिक नांवें पुकारलीं गेलीं तरी त्यास कोणी घेतलें नव्हतें. बाजारानें न ओळखलेला गुण, हा जर पुस्तकाचा सिद्धान्त, तर हडसनसारखें उदाहरण दिवा घेऊन शोधलें तरी मिळणार नाहीं. परंतु त्याची निवड झाली तेव्हां जनरल मॅनेजर सँडी ऑल्डरसन होते, आणि बीन त्यांच्या हाताखालीं काम करीत होते. कथेच्या नायकास तें श्रेय देतां आलें नसतें. शिवाय हे तिघे चार कोटींच्या हिशेबांत मावले, ह्याचें कारण त्यांना सहा वर्षांच्या बंधनामुळें बाजारभाव मागतांच येत नव्हता. स्वस्ताई येथें नियमानें दिलेली होती. ती कोणी शोधून काढलेली नव्हती.

पिचरविषयीं पुस्तकांत एक इशारा मात्र ठळक आहे: शाळकरी वयाचा पिचर निवडूं नये. २००१ मध्यें ओकलंडच्या पारख्यांनीं जेरेमी बॉन्डरमन ह्या शाळकरी पिचरला पहिल्या फेरींत निवडलें, तेव्हां बीन ह्यांनीं संतापून खुर्ची भिंतीवर फेकल्याचा प्रसंग लुइस रंगवून सांगतात. पुढें बॉन्डरमन डिट्रॉइटला दिला गेला. आणि २००६ सालीं अमेरिकन लीगच्या अंतिम फेरींत डिट्रॉइटनें ओकलंडचा सलग चार सामन्यांत पराभव केला, तेव्हां तो विजेत्यांच्या बाजूस होता. ह्यावरून बीन चुकले असें म्हणण्याची घाई कोणी करूं नये. दोनच वर्षांनीं आजारानें बॉन्डरमनचा हात अडला, आणि तो पुन्हां पूर्वीचा राहिला नाहीं. इशारा खरा होता. त्याचें क्षेत्र मात्र लुइस ह्यांनीं फार आंखडलें. शाळेंतला असो वा कॉलेजांतला, पिचरचा हात ही अत्यंत नाशवंत वस्तु आहे.

लुइस ह्यांनीं सोडलेला प्रश्न पुढें इतर संघांनीं आपापल्या परीनें सोडवून पाहिला. ह्यूस्टननें २०११ ते २०१३ ह्या तीन वर्षांत अनुक्रमें १०६, १०७ आणि १११ सामने गमावले, आणि त्याच्या मोबदल्यांत मिळालेल्या पहिल्या क्रमांकाच्या निवडींतून २०१३ मध्यें मार्क ॲपल व २०१४ मध्यें ब्रॅडी एकन हे पिचर पुकारले. ॲपल ह्यूस्टनकडून मेजर लीगचा एकहि सामना खेळला नाहीं. एकनच्या कोपरावरून वाद होऊन करारच झाला नाहीं. त्याच्या भरपाईदाखल पुढच्या वर्षीं मिळालेल्या निवडींतून आलेक्स ब्रेगमन हा फलंदाज आला, आणि तो २०१७ च्या विजेत्या संघाचा एक खांब झाला. उलट, २०१५ चें साय यंग पारितोषिक मिळविणारा डॅलस कायकल ह्यूस्टनलाच २००९ मध्यें सातव्या फेरींत मिळालेला होता. पुढें संघ तयार झाल्यावर, ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं, त्यांनीं डिट्रॉइटचा नामांकित पिचर जस्टिन व्हर्लंडर तीन तरुण खेळाडूंच्या बदल्यांत घेतला, आणि त्याच वर्षीं वर्ल्ड सीरीज जिंकली. त्या विजयास प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्याचा डाग मागाहून लागला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

शिकागो कब्सचें उदाहरण अधिक स्वच्छ आहे. २०११ च्या अखेरीस थिओ एप्स्टाइन ह्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि २०१२ ते २०१५ ह्या चारहि वर्षीं आपली पहिली निवड फलंदाजावर खर्च केली. ह्यूस्टननें ॲपल घेतला त्याच ड्राफ्टमध्यें दुसऱ्या क्रमांकावर कब्सनीं क्रिस ब्रायंट घेतला. २०१६ मध्यें तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पिचर त्यांनीं बाहेरून आणले. करार संपत आलेला रायन डेम्पस्टर देऊन २०१२ मध्यें काइल हेंड्रिक्स घेतला. बॉल्टिमोरमध्यें दर नऊ डावांमागें पांचाहून अधिक धावा देणारा, म्हणून त्या संघानें हातचा सोडलेला जेक ॲरिएटा २०१३ मध्यें घेतला. आणि घर उभें राहिलें असें दिसल्यावरच, २०१४ च्या डिसेंबरांत, सहा वर्षांसाठीं साडेपंधरा कोटी डॉलर मोजून जॉन लेस्टर आणला. ॲरिएटाला २०१५ चें साय यंग पारितोषिक मिळालें. २०१६ मध्यें हेंड्रिक्सची धावांची सरासरी दोन्ही लीगांत सर्वांत कमी ठरली. आणि त्याच वर्षीं कब्सनीं १९०८ नंतर प्रथमच वर्ल्ड सीरीज जिंकली.

ह्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. पिट्सबर्गनें २०२३ मध्यें पहिल्या क्रमांकावर पॉल स्कीन्स हा पिचर घेतला, आणि २०२५ सालीं त्यास साय यंग पारितोषिक मिळालें. ह्याहून यशस्वी निवड कल्पितां येत नाहीं. तरीहि त्या वर्षीं पिट्सबर्गनें १६२ पैकीं ७१ सामनेच जिंकले. पांच दिवसांतून एकदां दरबारांत येणारा राजा उरलेले चार दिवस राज्य राखूं शकत नाहीं. डिट्रॉइटनें २०१८ मध्यें पहिल्या क्रमांकावर केसी माइझ घेतला. परंतु २०२४ व २०२५ ह्या दोन्ही वर्षीं साय यंग पारितोषिक मिळविणारा टॅरिक स्कूबल त्यांना त्याच ड्राफ्टमध्यें नवव्या फेरींत मिळालेला होता. कॉलेजांत असतांनाच त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झालेली होती.

ह्या सर्वांवरून आमचा निष्कर्ष असा कीं, पुनर्रचना करणाऱ्या संघानें आपल्या सर्वांत मौल्यवान निवडी फलंदाजांवर खर्च कराव्या; कारण फलंदाज रोज खेळतो आणि अधिक टिकतो. पिचर त्यानें खालच्या फेऱ्यांतून, दुसऱ्यांनीं कंटाळून टाकलेल्यांतून, आणि उतरत्या वयाचे खेळाडू देऊन मिळणाऱ्या तरुणांतून संख्येनें पुष्कळ जमवावे, आणि त्यांना शिकविण्यावर सढळ हातानें खर्च करावा. ॲरिएटाचा हात बॉल्टिमोरमध्येंहि तोच होता. शिकविण्याची रीत निराळी होती. नामांकित, तयार पिचर बाजारभावानें विकत घ्यावयाचा तो सर्वांच्या शेवटीं. आधीं कळस मग पाया, ही रीत देवळास लागू पडत नाहीं, तशी संघासहि पडत नाहीं.

परंतु हा निष्कर्ष लिहून झाल्यावर आमचें समाधान होत नाहीं. 'संख्येनें पुष्कळ जमवावे' हे शब्द सोपे आहेत. पण दहांपैकीं दोन टिकतील ह्या हिशेबानें दहा जमविणें, म्हणजे आठांचे हात जातील हें आधींच गृहीत धरणें होय. १९७४ मध्यें डॉ. फ्रँक जोब ह्यांनीं टॉमी जॉन ह्या पिचरच्या डाव्या कोपरांत त्याच्याच उजव्या हातांतील कंडरा बसविली, आणि त्यानंतर त्यानें आणखी १६४ सामने जिंकले. आज ती शस्त्रक्रिया इतकी रूढ झाली आहे कीं तिला त्या खेळाडूचेंच नांव पडलें आहे. मल्डरची गोष्ट तर पुस्तकाच्या दारांतलीच. २००४ च्या डिसेंबरांत ओकलंडनें त्यास सेंट लुइसला दिलें आणि बदल्यांत डॅन हॅरन हा उत्तम तरुण पिचर मिळविला. व्यवहार म्हणून तो बीन ह्यांच्या चातुर्याचा खरा नमुना आहे. मल्डरचा खांदा मात्र २००६ मध्यें गेला, आणि तिसाव्या वर्षीं त्याचा मेजर लीगमधील खेळ संपला. त्याच्या हाताचीं उत्तम वर्षें बाजारभाव मागण्याचा अधिकार मिळण्यापूर्वींच खर्च झालीं होतीं. निर्धनानें धनवंताची बरोबरी केली खरी. पण त्या हिशेबांतील सर्वांत मोठी वर्गणी बाविशीपंचविशींतल्या ह्या तरुणांनीं भरली, आणि तिची पावती पुस्तकांत कोठेंहि फाडलेली नाहीं. ज्यांचें आयुष्य तरुणांना शिकविण्यांत गेलें आहे, त्यांच्या तरी ही गोष्ट नजरेंतून सुटूं नये. टाकाऊ ठरलेल्यांविषयीं लुइस ह्यांना कळवळा आहे, आणि तो खरा आहे; कामास आलेल्यांविषयीं तो त्यांना वाटावयास हवा होता.

असो. इतकें लिहिलें तरी 'मनीबॉल' वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांना तें अजून वाचावयाचें आहे त्यांनीं अवश्य वाचावें. फक्त १०३ आणि ५७ हे दोन आंकडे एका चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी हॅटेबर्गच्या प्रकरणांत खूण म्हणून ठेवावी.