लष्करी बंदुकीची शिकारी आवृत्ति : एक परीक्षण

जुन्या पोथ्या व कागदपत्र यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांपैकीं कित्येकांच्या घरीं एखाददुसरी वडिलोपार्जित बंदूकहि असते. पोथीचें वर्णन लिहितांना हेच गृहस्थ पत्रसंख्या, हस्तभेद, समासांतील शोध, पुष्पिका यांपैकीं कांहीं सोडीत नाहींत. बंदुकीविषयीं मात्र 'जुनी विलायती लष्करी रायफल, शिकारीसाठीं सुधारलेली' एवढ्या एका ओळींत त्यांचें काम भागतें. या एका ओळींत बहुधा दोन प्रमाद असतात. 'विलायती' हें विशेषण पुष्कळदां खोटें ठरतें, आणि 'शिकारीसाठीं' हें त्याहूनहि अधिक वेळां. सैन्यांतून उतरलेल्या बंदुकीला शिकारी रूप देण्याचा जो प्रघात, त्याचें परीक्षण करून त्याविषयीं रूढ असलेल्या मतांची छाननी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

रूढ मतें दोन आहेत. संग्राहकांचें मत असें कीं, लष्करी बंदुकीचें लांकूड एकदां कापलें कीं ती भ्रष्ट झाली. तिला किंमत नाहीं. शिकाऱ्यांचें मत याच्या उलट : जड बंदूक हलकी केली, हातांत बसती केली, यांत बिघडलें काय? दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. पण आपल्या देशांतील बंदुकांना तीं जशींच्या तशीं लावतां येत नाहींत. याचें कारण पुढें येईल.

प्रथम मूळ वस्तु पाहूं. या देशांत ज्या लष्करी बंदुकीचा सर्वांत अधिक प्रसार झाला ती .३०३ बोअरची ली-एन्फील्ड होय. तिची आंखूड तिसरी ठेवण १९०७ सालीं मान्य झाली. नळी २५ इंचांहून किंचित् लांब, दहा काडतुसांची पेटी, आणि तोंडापर्यंत नळीला झांकणारें लांकूड. पुढें संगीन बसविण्याचें पोलादी टोपण. बंगालमध्यें इशापूर येथें १९०४ सालीं उभारलेल्या कारखान्यांत हीच ठेवण पुढें बनूं लागली. म्हणून आपल्याकडील पुष्कळ 'विलायती' बंदुका वस्तुतः इशापूरच्या आहेत. हातपकडीच्या वरच्या लोखंडी खोबणीच्या उजव्या अंगास कारखान्याचें नांव व साल कोरलेलें असतें. मुकुट व 'जी. आर. आय.' हीं अक्षरें असल्यास घडण स्वातंत्र्यापूर्वींची, अशोकस्तंभाचे सिंह असल्यास नंतरची. एवढें वाचण्याचे श्रम न घेतां 'विलायती' लिहून मोकळें होणें संशोधकाला शोभत नाहीं.

आतां शिकारी रूप देणारा कारागीर काय करतो? पुढील लांकूड अर्ध्यावर कापतो, वरचें लांकडी आवरण व संगिनीचें टोपण काढून टाकतो, नळीवर नवी माशी व पानपट्टीची नेम धरण्याची योजना बसवितो, दस्त्यावर जाळीकाम करतो. कधीं नळीहि आंखूड करतो. शिकाऱ्यांना हें केवळ सुतारकाम वाटतें. पण तें तसें नाहीं. या बंदुकीच्या नळीला टोपणाजवळ स्प्रिंग व खुंटी यांचा आधार दिलेला असतो, आणि नेम त्या आधाराच्या हिशोबानें जुळविलेला असतो. लांकूड कापलें कीं तो आधार जातो व गोळीचा पडाव बदलतो. चांगला कारागीर नळी नव्यानें बसवून नेम पुन्हा जुळवितो. सामान्य कारागीर पॉलिश करून मोकळा होतो. कारागिरीचें मोल ठरवितांना जाळीकामापेक्षां ही एक गोष्ट आधीं पाहिली पाहिजे.

संग्राहकाच्या दृष्टीनें हानि निराळी आहे. एकाच बंदुकीचा अनुक्रमांक घडणींत अनेक ठिकाणीं मारलेला असतो : मुख्य खोबणीवर, नळीवर, बोल्टाच्या दांड्यावर, टोपणावर, पुढील लांकडाच्या खालच्या अंगास. हे सर्व अंक जुळले तर बंदूक एकसंध. टोपण व लांकूड गेलें कीं पांचांपैकीं दोन साक्षीदार गेले. पुष्पिकेचें पान हरवलेली पोथी जशी टाकाऊ होत नाहीं, पण तिचा काळ ठरविण्याचें काम अवघड होतें, तशीच ही स्थिति समजावी. तेव्हां 'भ्रष्ट' हा शब्द अतिरेकाचा आहे. 'त्रुटित' हा योग्य आहे.

येथपर्यंतचा विचार कोणत्याहि देशास लागू पडेल. परंतु हिंदुस्थानची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच या विषयाचा गाभा होय. इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धानंतर पार्कर-हेलसारख्या पेढ्यांनीं सैन्यांतून उतरलेल्या ली-एन्फील्ड शिकारी रूपांत विकल्या; अमेरिकेंत असें काम कित्येक गृहस्थ घरच्या मेजावर करीत. आपल्याकडे ही मुभा नव्हती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सामान्य रयतेस परवान्यावांचून शस्त्र बाळगतां येईनासें झालें, आणि युरोपियनांना मात्र नियमांतून सूट मिळाली. सैन्याचें काडतूस ज्यांत चालेल अशी बंदूक खाजगी हातीं जाऊं नये, हें सरकारचें कायम धोरण होतें. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफलींवर या देशांत बंदी आली, ती याच भीतीनें; मोठ्या शिकारीसाठीं .४७० व .४६५ हे नवे बोअर त्या बंदीमुळें निघाले. म्हणजे विलायतेंत जें काम सुताराच्या रंध्यानें होई, तें येथें राज्यकर्त्यांच्या अविश्वासानें केलें.

त्या अविश्वासाचीं दोन अपत्यें आपल्या संग्रहांत वारंवार आढळतात. पहिलें .४१० चें मस्केट. इशापूरच्या कारखान्यांत .३०३ च्या रायफली घेऊन त्यांची नळी आटे नसलेली, गुळगुळीत केली, दहा काडतुसांच्या पेटीच्या जागीं लांकडी ठोकळा बसवून बंदूक एकबारी केली, आणि.३०३ च्याच काडतुसाची मान न आवळतां सरळ ठेवून तिच्यासाठीं वेगळें काडतूस केलें. हीं शस्त्रें पोलीस व पहारेकरी यांना देण्यांत आलीं. बंडखोरांच्या हातीं एखादें गेलें तरी सैन्याचें काडतूस त्यांत चालूं नये, हा हेतु. १८५७ नंतर हिंदी पलटणींसाठीं एन्फील्डच्या ठेवणीच्या पण गुळगुळीत नळीच्या बंदुका केल्या, त्यांतलीच ही बुद्धि. अशा मस्केटास 'शिकारीसाठीं सुधारलेली' म्हणणें हा अर्थाचा विपर्यास आहे. तें सुधारलेलें नव्हे, जाणूनबुजून दुबळें केलेलें शस्त्र आहे.

दुसरें अपत्य .३१५ ची शिकारी रायफल. ली पद्धतीचीच यंत्ररचना, पण काडतूस ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील आठ मिलिमीटर मानलिकर जातीचें. कारण तें हिंदी सैन्याच्या कोठारांत नव्हतें. आधीं बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें व पुढें इशापूरनें अशा रायफली केल्या. पांच काडतुसांची पेटी, अर्धें लांकूड, संगिनीची सोय नाहीं. दुरून पाहणारा तिला कापलेली लष्करी बंदूक समजतो. वस्तुतः ती जन्मतःच शिकारी आहे. जिम कॉर्बेट यांच्या .२७५ रिग्बीविषयींहि असाच गैरसमज आढळतो. १९०७ सालीं चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीनंतर त्यांना भेट मिळालेली ती रायफल माउझर यंत्ररचनेची खरी. पण सैन्यांतून उतरलेली नव्हे. यंत्ररचनेचें कुल एक आणि बंदुकीचा इतिहास दुसरा, हा विवेक येथें ठेवला पाहिजे.

हा विवेक आमच्या आष्टीस विशेष अगत्याचा आहे. आष्टी हें जुनें ठाणें. जहांगीर बादशहाच्या काळीं तें महंमद खान नियाझी याच्या जहागिरींत होतें. १६२७ सालीं तो वारला व त्याची कबर येथेंच आहे. अशा गांवीं जुन्या शस्त्रांभोंवतीं दंतकथा लवकर जमतात. त्यांत नांवाचा घोटाळा भर घालतो. बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारींत ज्या आष्टीस पडले ती सोलापूर जिल्ह्यांतील; वर्धा जिल्ह्यांतील नव्हे. म्हणून 'आष्टीच्या लढाईंतील' असें सांगत कोणी शस्त्र पुढें केल्यास प्रथम 'कोणती आष्टी?' हें विचारावें, आणि बोल्टाची बंदूक असेल तर पुढें विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

याहून नाजूक प्रश्न १९४२ चा. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, येथील पोलीस ठाण्यावर जमाव गेला, गोळीबार झाला, माणसें पडलीं, ठाणें जळालें. चिमूरचा प्रसंगहि त्याच दिवसाचा. त्या दिवसाचें पावित्र्य मोठें आहे. म्हणूनच त्याच्याशीं एखादी बंदूक जोडतांना पुरावा अधिक कडक हवा. खोबणीवरचें साल १९४२ नंतरचें असेल, किंवा सिंहांची मुद्रा असेल, तर कितीहि आदरानें सांगितलेली कथा टिकत नाहीं. साल जुळलें तरी तें पुरेसें नाहीं. तें केवळ कथा अशक्य नाहीं एवढेंच सांगतें. हुतात्म्यांच्या स्मृतीला खोट्या अवशेषांची गरज नाहीं.

शेवटीं कायद्याचा विचार; कारण आज वस्तूंचें नशीब त्याच्याच हातीं आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमानें परवान्यावांचून नळी आंखूड करतां येत नाहीं, आणि आठव्या कलमानें बंदुकीवरचें नांव, क्रमांक वा खूण पुसणें, बदलणें हा गुन्हा आहे. हें दुसरें कलम पोलिसांसाठीं केलें असेल, पण संशोधकाचा त्याच्याइतका हितकर्ता दुसरा नाहीं. गंज काढण्याच्या निमित्तानें कानस चालवून अक्षरें पुसणारे हौशी गृहस्थ हें ध्यानांत ठेवतील तर बरें. .३०३ च्या रायफली व .४१० चीं मस्केटें स्वतंत्र भारताच्या नियमांतहि निषिद्ध बोअरमध्यें गणलीं गेलीं. परक्या राज्याची भीति स्वराज्याच्या नियमपुस्तकांत जशीच्या तशी उतरली, हेंहि इतिहासकारानें टिपून ठेवण्यासारखें आहे. उलटपक्षीं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार संपली. 'शिकारी' हें विशेषण ज्या व्यवहारामुळें होतें तो व्यवहारच उरला नाहीं.

तात्पर्य, वर्णन लिहिणारानें 'सुधारलेली' हा शब्द टाकून द्यावा व तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत : मूळांतून काय गेलें, काय नवें आलें, आणि हा बदल कारखान्याचा कीं खाजगी कारागिराचा. कारखान्याचा बदल ही स्वतंत्र आवृत्ति मानावी व तिचें मोल मूळ बंदुकीच्या तुलनेनें कमी करूं नये; .४१० चें मस्केट तर त्या काळच्या राज्यनीतीचें जितकें स्पष्ट प्रमाण आहे तितकें अखंड .३०३ देखील नाहीं. खाजगी बदल हा प्रक्षेप मानावा. पण प्रक्षेपहि कोणीतरी, केव्हांतरी, कांहीं कारणानें केलेला असतो, आणि तें कारण शोधणें हें आपलें कामच आहे. कापलेलें लांकूड पुन्हा जोडून बंदूक 'मूळ' दिसेल अशी करण्याचा जो प्रकार हल्लीं बाजारांत चालतो, तो मात्र सर्वांत निंद्य होय. पहिल्या कारागिरानें कापलें तें उघड कापलें. हा दुसरा तें लपवितो.