गायकाचे मौन : डेव्हिड बोवी यांच्या चित्रपटीय अभिनयाचा विचार

लोकप्रिय गायक चित्रपटात आला की त्याच्या कीर्तीचे भांडवल केले जाते, अभिनय दुय्यम ठरतो, असा समज रूढ आहे. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी (१९४७-२०१६) यांच्याबाबत तो अपुरा पडतो. त्यांच्या दोन सर्वांत महत्त्वाच्या भूमिकांना त्यांच्या गळ्याचा आधारच नाही.

भरतमुनींच्या परिभाषेत सांगायचे तर संगीतमंचावरील बोवी हे प्रामुख्याने आहार्य अभिनयाचे कलावंत होत. १९७२ साली त्यांनी उभे केलेले 'झिगी स्टारडस्ट' हे पात्र रंगभूषा व वेशभूषेतूनच लोकांच्या स्मरणात राहिले. त्यामागे लिंडसे केम्प यांच्याकडे घेतलेले मूकाभिनयाचे शिक्षण होते, ही बाब मात्र उपेक्षित राहते.

निकोलस रोएग यांच्या 'द मॅन हू फेल टू अर्थ' (१९७६) मध्ये बोवी पाण्याच्या शोधात पृथ्वीवर आलेल्या परग्रहवासीयाच्या भूमिकेत आहेत. येथे ते अभिनय करीत नाहीत, केवळ वावरतात, हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागेल. बीबीसीच्या एका माहितीपटातील बोवींना पाहून रोएग प्रभावित झाले होते; अर्थात निवड व्यक्तिमत्त्वाची झाली, नटाची नव्हे.

खरी कसोटी १९८० मध्ये ब्रॉडवेवर लागली. 'द एलिफंट मॅन' या नाटकात विद्रूप मेरिकची भूमिका रंगभूषेविना करावयाची असते. आहार्य वजा झाले आणि उरले ते आंगिक. हा प्रयोग पाहूनच नागिसा ओशिमा यांनी 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' (१९८३) साठी त्यांचा विचार केला. जावा बेटावर जपान्यांच्या कैदेत मृत्युदंडाची वाट पाहणारा युद्धकैदी सेलियर्स कोठडीत वस्तरा नसताना दाढी करतो, कप नसताना चहा पितो, अखेरची सिगारेट ओढतो. हातांच्या संथ, काटेकोर हालचालींतून नसलेल्या वस्तूंना वजन प्राप्त होते. केम्प यांच्याकडील विद्या येथे फळास आली आहे. शिवाय आपल्याला गाता येत नाही, ही खंत याच सेलियर्सच्या तोंडी आहे! पस्तिशीतील बोवींनाच शाळकरी मुलगा म्हणून दाखविणारा पूर्वस्मृतीचा भाग मात्र निव्वळ अविश्वसनीय वाटतो. शेवटी सेलियर्सला गळ्यापर्यंत वाळूत पुरतात, तेव्हा आंगिकही हिरावले जाते आणि प्रसंग केवळ चेहऱ्यावर तोलला जातो. तो बोवींनी निभावला आहे.

पुढे 'लॅबिरिंथ' (१९८६) मध्ये गाणी परतली, भडक केशभूषाही परतली.