परतीच्या वाटेचे गद्य

कथा, कादंबरी, नाटक यांवर दिवाळी अंकांतून दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. पण ज्या गद्यावर आज लाखो लोकांचे व्यवहार अवलंबून आहेत, त्याकडे टीकाकाराची दृष्टी सहसा वळत नाही. अशाच एका लेखनप्रकाराविषयी मला येथे चार शब्द लिहायचे आहेत. संगणकावर आज्ञावलीची नवी आवृत्ती चढवली आणि ती बिघडली, तर आधीची परत आणावी लागते. या माघारीला त्या धंद्यात ‘रोलबॅक’ म्हणतात. ती कशी घ्यावी हे सांगणारी पुस्तिका, हा तो प्रकार. पूर्वी ती माणसे वाचत. आता कृत्रिम बुद्धीचे ‘एजंट’, म्हणजे सोपवलेले काम स्वतःच पार पाडणारे संगणकीय कारभारी, तीच वाचून माघार घेऊ लागले आहेत. वाचक बदलला की लेखनाची कसोटीही बदलते.

माघार म्हणजे जसेच्या तसे पूर्वस्थितीला जाणे, ही समजूत भाबडी आहे. आम्हा पंढरपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. 2024 साली विठ्ठल मंदिराला मूळ दगडी रूप देण्याचे काम निघाले, तेव्हा मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. मागाहून चढवलेले थर निघाले, जुना दगड दिसू लागला. पण मधल्या काळात देवापाशी बोललेले नवस काही परत गेले नाहीत. दगड मागे नेता येतो. मधला काळ नेता येत नाही.

हेच संगणकाला लावून पाहा. समजा, एखाद्या देवस्थानाच्या दर्शननोंदणीची नवी आवृत्ती सकाळी चढवली आणि दुपारी ती अडखळू लागली म्हणून जुनी परत आणली. आज्ञावली जागेवर आली. पण सकाळपासून दुपारपर्यंत ज्यांनी नावे नोंदवली, त्यांचे काय? नोंदींचा साठाही मागे नेला तर ती नावे पुसली जातील, आणि एस.टी.ने आलेली एखादी म्हातारी पावती हातात धरून दारातच उभी राहील. परतीच्या पुस्तिकेचे खरे कथानक या मधल्या वेळात असते.

या दृष्टीने ‘कुबरनेटीस’ या बहुप्रचलित प्रणालीच्या पुस्तिकेतील माघारीचा भाग मला उल्लेखनीय वाटतो. भाषा रूक्ष, पण सचोटीची. मागे गेल्यावर केवळ आज्ञावलीच्या साच्याचा भाग मागे जातो, हे ती स्पष्ट सांगते. वेगळे ठरवून न दिल्यास मागच्या 10 आवृत्त्या जपल्या जातात आणि हा आकडा शून्य केल्यास परतीची वाटच बुजते, हेही ती लपवत नाही. आपली मर्यादा आपणच सांगणारे लेखन विश्वासाला पात्र होते. उणीव एवढीच, की मागे जावे की जाऊ नये, हा निर्णय ती वाचकाच्या शहाणपणावर सोडते. अनुभवी माणसाला हे पुरते. एजंटाला तो अनुभव कोठून यावा?

आणि माणसांचेही शहाणपण घाईत टिकत नाही. ‘नाइट कॅपिटल’ या अमेरिकेतील शेअरव्यवहार करणाऱ्या कंपनीत 1 ऑगस्ट 2012 रोजी हेच घडले. नवी आज्ञावली 8 यंत्रांपैकी 7 यंत्रांवर नीट चढली होती. राहून गेलेल्या आठव्यावर जुनी, वापरातून गेलेली आज्ञावली जागी झाली. गोंधळात लोकांनी त्या सातांवरची नवी आज्ञावलीच काढून टाकली, आणि एका यंत्रातला दोष साऱ्यांत पसरला. त्या सकाळी पाऊण तासात कंपनीला 44 कोटी डॉलरांहून अधिक खोट आली.

उलट प्रकारही झाला आहे. जुलै 2025 मध्ये ‘रेप्लिट’ कंपनीच्या एजंटाने, काही बदलू नको असे बजावलेले असताना, एका ग्राहकाचा चालू नोंदींचा साठा पुसून टाकला, आणि वर, तो परत आणता येणार नाही असे ठामपणे सांगितले. ग्राहकाने स्वतः प्रयत्न केला तेव्हा नोंदी परत मिळाल्या! वाट होती, वाटाड्यालाच तिचा पत्ता नव्हता.

म्हणून एजंटासाठी लिहिताना ‘अडचण आल्यास मागे जावे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘नोंदींची रचना बदलली असल्यास थांबावे आणि माणसाची परवानगी घ्यावी’ हे वाक्य उपयोगाचे. काय परत येते, काय येत नाही, परतल्याची खात्री कशी करावी आणि कोठे थांबावे, ही चार उत्तरे ज्या पुस्तिकेत नाहीत, ती अपुरी समजावी.

हा विवेक आपल्याला परका नाही. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीच्या पाठांत शिरलेली भर दूर करून ग्रंथ शुद्ध केला. केवळ शुद्ध करून ते थांबले नाहीत. कामाचा शक नोंदवला, आणि पुढच्यांनी यात आपली ओवी मिसळू नये असे बजावले. काय केले, केव्हा केले, पुढे काय करू नये, हे सारे ग्रंथाबरोबरच राहिले. आज चंद्रभागेच्या काठी ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, त्यांच्यामागे नाथांची ही लेखी माघारही उभी आहे.

चुकण्याची भीती माणसाचा हात क्षणभर थांबवते. यंत्राला ती भीती नाही. त्याला ती शब्दांतच द्यावी लागते. ती नेमक्या शब्दांत देणे हे साध्या गद्याचे काम आहे, आणि या गद्याची पारख तेवढ्याच कसोशीने व्हायला हवी.