घरी दुसरा अंगरखा नसलेला माणूस

निजामपुऱ्यात येऊन कपड्यांवर बोलायचं म्हणजे आळंदीत जाऊन ज्ञानेश्वरी समजावून सांगण्यासारखं आहे. भिवंडीचं अख्खं पोट कापडावर चालतं. खिडकी उघडी ठेवलीत तर बाहेरचे माग माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतील, म्हणून ती बंद केली असावी. संयोजकांनी विषय दिलाय ‘साधे कपडे आणि माणसाची पारख’. मी समाजशास्त्रज्ञ नाही. गोष्टी वाचतो, त्यांच्यावर लिहितो. तेव्हा या विषयावर आपण एकमेकांना ज्या गोष्टी सांगतो, त्या गोष्टींबद्दलच मला आज बोलायचंय. माझी तक्रार आहे ती त्या गोष्टींबद्दल.

पहिली गोष्ट तुम्हाला पाठ असेल. एक विद्वान साध्या, चुरगळलेल्या कपड्यांत मेजवानीला जातो. दरवान आत सोडत नाही. तो घरी जातो, जरीचा अंगरखा घालून परत येतो. आता त्याला मानाचं पान. मग हा पठ्ठ्या घास उचलतो आणि अंगरख्याला भरवायला लागतो. यजमान विचारतो, हे काय? तर म्हणतो, आमंत्रण यालाच आहे ना, मग यालाच जेवू दे. कोणी ही गोष्ट मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर सांगतं, कोणी ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या. शाळेत आपण खाली तात्पर्य लिहिलं : कपड्यांवरून माणसाची पारख करू नये.

आता ही गोष्ट पुन्हा एकदा, जरा सावकाश वाचू. तो घरी गेला आणि अंगरखा घालून आला. म्हणजे घरी अंगरखा होता. आणि त्याला आमंत्रणही होतं! गोष्टीला राग कशाचा आला? दरवानानं मोठ्या माणसाला छोटा समजला, याचा. दरवानाची ओळखण्यात चूक झाली, एवढीच गोष्टीची तक्रार. त्याच दारात खरोखरच कोणी गरीब मजूर उभा असता आणि दरवानानं त्याला हाकलला असता, तर गोष्टच झाली नसती. घास भरवायला अंगरखा कुठून आणणार तो?

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. ती आपण अजून सांगतोय, फक्त पात्रं बदलली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकूरला एक शेतकरी मोटारीच्या शोरूममध्ये मालवाहू गाडी बघायला गेला. कपडे साधे. विक्रेत्यानं टोमणा मारला, खिशात दहा रुपये तरी आहेत का, अशा अर्थाचा. बातम्यांनुसार शेतकरी थोड्याच वेळात दहा लाख रुपये रोख घेऊन परत आला. आपल्याकडे मोबाइलवर ही बातमी किती फिरली आठवतंय? सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण आनंद कशाचा, तर दहा लाख निघाले याचा. न निघते तर? विक्रेत्याचा टोमणा मग योग्य ठरला असता का? बातमी तिथं गप्प आहे, कारण तेव्हा ती बातमीच नसती.

सुधा मूर्तींचा ‘कॅटल क्लास’ हा लेख मराठी वाचकांमध्ये फार लाडका. विमानतळावर त्या सलवार-कमीजमध्ये बिझनेस क्लासच्या रांगेत उभ्या आहेत. मागच्या दोघी उंची कपड्यांतल्या बायका त्यांना इकॉनॉमीच्या रांगेत जायला सुचवतात आणि आपसात ‘कॅटल क्लास’ म्हणून हिणवतात. पुढे एका सभेत त्यातलीच एक बाई समोर येते, आणि सभेच्या अध्यक्षस्थानी सुधाताई! त्यांना न्याय द्यायचा तर हे सांगायलाच हवं की ‘क्लास’ पैशानं येत नाही, असं त्या लेखातच स्पष्ट म्हणतात. विचार चांगला आहे. पण गोष्टीची चाल विचाराच्या विरुद्ध जाते. वाचकाला गुदगुल्या होतात त्या अध्यक्षस्थानामुळे. शिवाय इकॉनॉमीच्या रांगेत जी माणसं खरोखर उभी होती, त्यांना ‘कॅटल’ म्हटलं गेलं त्याचं काय, हा प्रश्न वाचून झाल्यावर फार थोड्यांना पडतो.

या सगळ्या जातीच्या गोष्टींना मी वेषांतराच्या गोष्टी म्हणतो. राजा फकिराच्या वेषात फिरतो, तशा. शेवटी राजा राजाच निघतो. त्यातून आपण शिकतो ते इतकंच की साध्या कपड्यातल्या माणसाला हिडीसफिडीस करू नका, कोण जाणे, मोठा निघायचा! हा शहाणपणा आहे, पण दुकानदाराचा.

आता आपल्या गावात या. मागावरचा कामगार कामाला काय घालतो? लुंगी आणि बनियन, नाहीतर हाफ पँट. आत उकाडा, हवेत रुईचे तंतू, बारा-बारा तासांची पाळी. तिथे दुसरं काही अंगावर ठरत नाही. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर असो, उत्तर प्रदेशातून आलेला अन्सारी असो, नाहीतर इथला मूळचा कोकणी मुसलमान, लुंगी सगळ्यांची. म्हणजे ‘कॅज्युअल’ कपडे भिवंडीला काही नवीन नाहीत. आता कांड्या भरणारा एखादा माणूस पाळी सुटल्यावर त्याच लुंगीत, केसांत रुई घेऊन, एखाद्या मॉलच्या दारात उभा राहिला असं धरा. रखवालदारानं अडवलं. तो काय करील? परत जाऊन नोटा आणील? कुठल्या सभेच्या अध्यक्षस्थानी निघेल? तो कांडीवालाच निघेल. ज्या गोष्टी आपल्याला ‘कपड्यांवर जाऊ नका’ शिकवतात, त्यांच्यात या माणसाला जागाच नाही. शर्टाचं कापड विणणाऱ्यांच्या गावात बसून हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण तसं आहे.

आणि लुंगीवरून माणूस ओळखायची सवय आपल्या महाराष्ट्राला चांगली आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दाक्षिणात्यांच्या विरोधात ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा घुमली. तिचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे, मी फक्त भाषेकडे बघतो. घोषणेत माणूस नाहीच. एक वस्त्र आहे, आणि ते हटवायचंय. आत कोण आहे, टंकलेखक की हमाल की इडलीवाला, याच्याशी घोषणेला कर्तव्य नाही. यमक जुळलं की काम झालं.

जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या वृद्धाला अडवलं. मुलानं त्यांना सिनेमा दाखवायला आणलं होतं. या प्रसंगात कोणी करोडपती निघाला नाही, म्हणून तो मला वेगळा वाटतो. ओरड झाली, विधानसभेत विषय गेला आणि मॉल सात दिवस बंद ठेवण्याची घोषणा सरकारनं केली. चांगलं झालं. तरी बघा, ओरड कोणत्या शब्दांत झाली? शेतकऱ्याचा अपमान, अन्नदात्याचा अपमान. धोतराला ‘अन्नदाता’ हा एक जरीचा अंगरखा चढवावा लागला, तेव्हा ते दारातून आत गेलं. विणणाऱ्याला वस्त्रदाता म्हणून कोणी मॉल बंद केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता एक सरकारी मजकूर वाचू. परिपत्रक हाही साहित्यप्रकार आहे, हसू नका. ८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागानं कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लिपर नको. शुक्रवारी खादी. खादीबद्दल माझं काही म्हणणं नाही, विणकराला दोन पैसे मिळतात. पण या मजकुरात एक जागा अशी आहे जिथं मी थबकलो. पेहरावाची काळजी घेत नाहीत म्हणून त्यात कोणाकडे बोट दाखवलंय? प्रामुख्यानं कंत्राटी कर्मचाऱ्यांकडे आणि सल्लागारांकडे. त्यांच्यामुळे शासकीय कर्मचाऱ्यांची प्रतिमा मलिन होते, असा त्याचा भाव. सल्लागाराचं सोडा, तो आपलं बघून घेईल. ज्याची नोकरी मुदतीची, ज्याला कायम माणसाचा पगार नाही, त्याची जीन्स मात्र पहिली दिसली. जीन्सचा गुण असा की ती चार दिवस इस्त्रीशिवाय चालते. ते चार दिवस कोणाला लागतात, हे सांगायला नको.

पुढच्या वर्षी जीन्सवरची बंदी उठली, टी-शर्टवरची राहिली. इथं जरा आडवाटेला जातो. इंग्रजीत जाड्याभरड्या सुती कापडाच्या कामाच्या कपड्यांना ‘डंगरी’ म्हणतात ना, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. खलाशांचं, मजुरांचं कापड. जीन्सची ही जवळची भावंडच. म्हणजे डोंगरीचं कापड जगभर फिरून मंत्रालयात पोचलं, तर दारात त्याला अडवलं! आणि टी-शर्टचं म्हणाल, तर काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांकडे जा. आपल्या गावातली पोरं कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घालून तिथं खोकी उचलतात. तिथं टी-शर्ट सक्तीचा, कचेरीत टी-शर्ट बंद. कोट्यधीश उद्योजकानं मंचावर टी-शर्ट घातला की वर्तमानपत्रं त्याला साधेपणा म्हणतात. एकाच कापडाला तीन अर्थ आले कुठून? घालणारा कोण, यावरून. आपण म्हणतो की कपड्यांवरून माणूस ओळखतात. पुष्कळदा उलटं असतं. माणूस आधी ओळखतात आणि मग त्याच्या कपड्यांना नाव ठेवतात. त्याच चुरगळलेल्या सदऱ्याला लेखकाच्या अंगावर ‘बेफिकिरी’ म्हणतात आणि शिपायाच्या अंगावर ‘गबाळेपणा’.

त्या परिपत्रकात आणखी एक घोळ आहे. स्वच्छ आणि शोभनीय हे दोन शब्द एका माळेत ओवलेत. ज्या राज्यानं आपलं ग्रामस्वच्छता अभियान गाडगेबाबांच्या नावानं चालवलं, त्या राज्याला तरी हा फरक कळायला हवा होता. बाबांच्या अंगावर चिंध्या शिवलेलं वस्त्र, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. स्वच्छतेचा त्यांच्याएवढा कडक मास्तर झाला नाही, आणि पेहरावाच्या नियमात ते एका ओळीतही बसत नाहीत. मळकट कपड्यांबद्दल कोणी बोललं तर मी ऐकून घेईन. पण शोभा हा ज्याच्या हातात शिक्का आहे त्याच्या आवडीचा मामला असतो.

मग वेषांतराची नसलेली गोष्ट आहे का आपल्याकडे? आहे. २ मार्च १८८८. पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, याच्यासाठी समारंभ ठेवला होता. दागदागिन्यांनी, भरजरी कपड्यांनी मंडप भरलेला. जोतीराव फुले तिथं गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात, आणि बोलायला उभे राहिले. तुम्ही म्हणाल, फुल्यांच्या घरीही दुसरा अंगरखा होताच की. होता. ते कंत्राटदार होते, खाऊन-पिऊन सुखी. पण त्यांनी केलं काय ते बघा. ‘मला ओळखलं नाहीत, मी जोतीराव’ असं म्हणून त्यांनी बाजी मारली नाही. इथली जरतारी मंडळी म्हणजे हा देश नव्हे, देश खेड्यांत माझ्यासारख्या कपड्यांत राहतो, त्यांच्या शिक्षणाचं तुमच्या आईसाहेबांना सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मुल्लानं अंगरख्याचा उपयोग स्वतःचा मान परत मिळवायला केला. फुल्यांनी वेष केला तो जे मंडपात येऊच शकत नव्हते त्यांच्यासाठी. हा फरक फार मोठा आहे आणि पाठ्यपुस्तकात मुल्लाची गोष्ट आली, हेही लक्षात घ्या.

याच्या अगदी उलट वाटावी अशी दुसरी घटना डिसेंबर १९२७ची, महाडची. मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी तिथं जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केलं. लुगडं नेसण्याची तुमची पद्धत ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती बदला, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, ते जड चांदीचे दागिने उतरवा. बायकांनी तिथल्या तिथं नेसण बदललं. काही मंडळी विचारतात, हे शरणागतीचं लक्षण नाही का? मला तसं वाटत नाही. कपड्यावरून जात वाचणारा वाचक कधी सुधारेल याची वाट ते बघत बसले नाहीत. त्यांनी वाचायचा मजकूरच काढून घेतला. ‘मी कसाही राहतो, लोकांनी मन बघावं’ हे म्हणायची चैन ज्यांना आडनावानं, रंगानं, पत्त्यानं आधीच कोणी अडवत नाही, त्यांना परवडते. फुले साध्या कपड्यांत उभे राहिले आणि आंबेडकर सुटाबुटात, त्यात विरोध शोधणाऱ्यांनी समोर कोण बघत होतं ते विचारात घेतलेलं नाही.

सुरुवातीला मागच्या बाकावरच्या एका मुलानं चिठ्ठी पाठवली होती : ‘सर, मग मुलाखतीला काय घालू?’ बाळा, इस्त्रीचा शर्ट घाल, बूट घाल, पत्ता भिवंडीचा आहे म्हणून जरा जास्तच कडक इस्त्री कर. तो खर्च तुझ्या माथी बसतोय आणि शेजारच्या खुर्चीवर टी-शर्टमध्ये बसलेल्याच्या माथी बसत नाही, एवढं मात्र लिहून ठेव. नोकरी लागली आणि उद्या दाराच्या आतल्या बाजूला तू बसलास, तर ती वही काढ. बाकीचे प्रश्न चहा झाल्यावर घेऊ.