पेंटरचं नाव भिंतीवर हवं

मुंबईतल्या उड्डाणपुलांच्या खांबांवर गेली काही वर्षं वारली माणसं नाचत आहेत. गेरूच्या जवळपासचा इमल्शन रंग, त्यावर पांढरे त्रिकोण, मधोमध तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. खांब अरुंद, त्यामुळे वेटोळं कडेशी येऊन कापलं जातं आणि पुढच्या खांबावर त्याच स्टेन्सिलनं तेच कापलेलं वेटोळं पुन्हा उमटतं. तारप्याच्या नाचात प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या कमरेला असतो. ती ओळ तुटली की नाच मोडला. इथे ती सिमेंटच्या कडेवर दर खांबाला तुटते, आणि हे काम मंजूर करणाऱ्यांपैकी कुणालाही ते खटकलेलं नाही. हा लेख मी त्या खांबांमुळे लिहितो आहे.

ज्यांनी वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं पाहिली आहेत त्यांना यातला अपमान वेगळा सांगायला नको. त्यांचं मासेमारीचं जाळं आठवा. अख्खी चौकट भरून टाकणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेषा, आणि त्या रेषांमधून जाणवणारं पाण्याचं वजन. वारल्यांच्या लग्नघरात सवासिनींनी तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं देवचौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, आणि त्याशिवाय लग्न लागायचं नाही. या विधीच्या चौकटीबाहेर, चित्रकार भास्कर कुलकर्णींनी हाती कागद दिल्यावर, म्हसे रोज चित्र काढू लागले आणि एका माणसाच्या हातून एक परंपरा आधुनिक झाली. २०११ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. डहाणू, तलासरी, पालघर या पट्ट्यात आज कितीतरी वारली चित्रकार उत्तम काम करत आहेत. मुंबईपासून लोकलनं गाठता येणाऱ्या अंतरावर ते राहतात. तरीही खांब रंगवायला ठेकेदाराची माणसं येतात, चौरस फुटावर बिल निघतं आणि चित्राखाली कुणाचंच नाव नसतं.

स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक महापालिकेला भिंती रंगवण्याचा नाद लागला. पाहणी पथक यायच्या आधी महिनाभर शहरं रंगतात. मोर, हत्ती, झाडाला मिठी मारणारी मुलगी, गांधीजींच्या चष्म्यातलं स्वच्छ भारत, पाण्याचा थेंब वाचवा. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात तोच मोर. यावर कलेची चर्चा करण्यासारखं काही नाही. सेल्फीसाठी काढलेल्या देवदूताच्या पंखांवरही नाही. टेकडीवरच्या वस्त्यांना बाहेरून गुलाबी-पिवळा रंग मारून मेट्रोतून त्या छान दिसतील अशी व्यवस्था करणारे उपक्रम सद्‌भावनेनं केलेले असतील, पण त्यातला प्रेक्षक मेट्रोत बसलेला आहे, वस्तीतला नाही.

मग पाहण्यासारखं काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्यात माझ्या मते सगळ्यांत वर रणजित दहियाचं काम आहे. हरियाणातून आलेला, घरांना चुना मारण्यापासून सुरुवात केलेला, पुढे चंदीगडला आणि मग एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकलेला हा चित्रकार. २०१२ साली त्यानं बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि वांद्र्याच्या चॅपल रोडवर 'अनारकली' उभी केली. २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर त्यानं दादासाहेब फाळके रंगवले. अमिताभ, राजेश खन्ना, नादिरा, मोगॅम्बोच्या रूपातले अमरीश पुरी आणि २०२० साली इरफान, ही सगळी त्याचीच माणसं. अनेकांनी या चित्रांकडे सिनेमाचं वेड म्हणून पाहिलं आणि कौतुकाचे दोन शब्द बोलून सोडून दिलं. एवढ्यानं भागत नाही.

इमारतीएवढा चेहरा रंगवणं म्हणजे काय, याचा विचार करा. लहान चित्रावर चौकोन आखायचे, तेच चौकोन भिंतीवर मोठे करून घ्यायचे आणि परांचीवर किंवा लटकत्या झुल्यावर चढायचं. तिथे चित्रकाराच्या नाकासमोर हातभर अंतरावर एक तपकिरी डाग असतो. तो फाळक्यांच्या गालाची सावली आहे की मिशीची कड, हे त्या अंतरावरून कळत नाही. हातातल्या कागदावर आणि स्मरणावर विश्वास ठेवून तो डाग नेमक्या जागी संपवायचा. मग उतरायचं, रस्ता ओलांडून लांब जायचं, पाहायचं आणि चुकलं असेल तर पुन्हा वर चढायचं. खिडक्या, पाइप, गिलाव्याच्या भेगा यांच्यासह ही भिंत चेहऱ्यात मिसळून घ्यायची. दहियाच्या चांगल्या कामांत प्रकाश आणि सावली यांचे मोठे, धीट तुकडे असतात. बारकाव्याचा मोह त्यानं टाळलेला असतो, कारण धावत्या टॅक्सीतून पाहणाऱ्याला बारकावा दिसत नाही, तुकडा दिसतो. हे शहाणपण सिनेमाच्या होर्डिंगवाल्यांचं आहे. त्वचेत निळा-हिरवा रंग बेधडक घालून चेहरा रस्त्यापलीकडून उठून दिसेल असा करणारे ते पेंटर आता जवळजवळ संपले. फ्लेक्सनं त्यांचा धंदा खाल्ला. त्यांची नजर दहियाच्या हातात शिल्लक आहे.

आणि ही नजर मुळात आपली आहे. भित्तिचित्रांवर लिहिणारे लोक न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेपासून सुरुवात करतात, मग बँक्सीवर येतात आणि शेवटी मुंबईचा उल्लेख करतात, याचा मला मनापासून राग येतो. ज्या फाळक्यांचा चेहरा त्या इमारतीवर आहे ते स्वतः जे.जे. कलाशाळेत शिकले होते आणि नाटकांचे पडदे रंगवत होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हेही पडदे रंगवणारे. धंद्याचं नाव हेच बाबूरावांचं आडनाव झालं आणि १९२० च्या 'सैरंध्री'पासून पुढे मराठी सिनेमा त्यांच्या हातून घडला. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, चौरस फुटाला काही आणे या दरानं. नाटकाचा पडदा, सिनेमाचं होर्डिंग आणि रेक्लमेशनची भिंत ही एकच सलग वाट आहे. मराठी कलासमीक्षेनं ती कधी नीट चालून पाहिली नाही, कारण पेंटर हा तिच्या लेखी कारागीर होता आणि चित्रकार कॅनव्हासवाला.

आता महोत्सवांच्या चित्रांविषयी. स्टार्ट इंडिया या संस्थेनं २०१४ पासून दिल्लीत आणि मुंबईत जे केलं त्यानं या कलेला प्रतिष्ठा मिळाली, हे खरं आहे. दिल्लीच्या लोधी कॉलनीत डाकू या कलावंतानं भिंतीतून बाहेर काढलेली अक्षरं उन्हाबरोबर आपल्या सावल्या हलवतात. ते काम मी या देशातल्या उत्तम सार्वजनिक कलाकृतींत धरतो. त्या भिंतीशिवाय आणि त्या उन्हाशिवाय ते कुठेच होऊ शकत नाही. २०१७ साली ससून डॉकमध्ये झालेला प्रकल्प मात्र मला दोन तुकड्यांत दिसतो. १८७५ साली बांधलेल्या त्या गोदीत कोळी, बंजारा, मराठा बायका पहाटेपासून कोळंबी सोलतात, मासळीचे लिलाव होतात, बर्फ फुटतो. त्या माणसांचे भलेमोठे काळेपांढरे चेहरे तिथल्याच इमारतीवर लावले गेले आणि गोदीला स्वतःकडे पाहायला मिळालं. हा तुकडा चांगला. पण आत गोदामांतून जे मांडलं गेलं त्यातलं बरंचसं कुठल्याही शहरातल्या कुठल्याही गोदामात चाललं असतं. पुढच्या फेऱ्यांतही हेच झालं. बाहेरचा कलावंत काही दिवस येतो, बोटीचा आणि माशाचा आकार उचलतो, आपल्या नेहमीच्या शैलीत भिंतीवर बसवतो आणि निघून जातो. त्याचं नाव फलकावर असतं, रंग कंपनीचं नाव त्याहून मोठं असतं.

तुळशी पाइप रोडची रेल्वेची भिंत २००९ साली शेकडो हौशी हातांनी रंगवली, ती घटना म्हणून महत्त्वाची, चित्र म्हणून नाही. टायलर या भित्तिचित्रकाराच्या स्टेन्सिलांत राजकीय धार आहे, पण आकार कमी पडतो.

अक्षरांबद्दल मला जास्त वाईट वाटतं. हनीफ कुरेशीनं 'हँडपेंटेडटाइप'मधून रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा केली आणि त्या टाइपांना पेंटरांचीच नावं दिली. 'पेंटर कफील' हे एका टाइपचं नाव आहे. कुरेशी २०२४ साली गेला. त्यानं जे दिल्लीत केलं ते महाराष्ट्रात कुणी केलं? कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत एकेका शीर्षकाला स्वतंत्र चेहरा दिला. र. कृ. जोशींनी देवनागरीचा अभ्यास आयुष्यभर केला. अशा महाराष्ट्रात भिंतीवरचं देवनागरी अक्षर घोषणांपुरतं उरलं आहे. संगणकातल्या दोन-तीन फाँटांतून छापून घेतलेला स्टेन्सिल, वेलांटी अर्धवट, रफार भलत्याच जागी. 'स्वच्छता हीच सेवा' ही अक्षरं सुंदर काढता येणारे हात अजून गॅरेजच्या पाट्या आणि टेम्पोच्या मागच्या बाजू रंगवत आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही.

आणि ज्यांना बोलवावं लागत नाही त्यांच्याकडे कुणी पाहतही नाही. चौदा एप्रिलच्या आधी मुंबई-पुण्यातल्या, मराठवाड्या-विदर्भातल्या वस्त्यांमध्ये भिंती निळ्या होतात. वस्तीतलाच पेंटर बाबासाहेबांचा चेहरा काढतो. निळा कोट, हातात संविधान, मागे उगवता सूर्य किंवा बुद्ध. चेहरा कुठे थोडा रुंद झालेला असतो, कुठे चष्मा तिरका, पण नजर समोर बघणारी आणि बोट पुढे उचललेलं. पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर तो पुन्हा रंगवला जातो आणि दरवर्षी हात थोडा सुधारतो. भिंतीशी, गल्लीशी आणि पाहणाऱ्याशी इतकं घट्ट नातं असलेली भित्तिचित्रं या राज्यात दुसरी कुठली आहेत? पावसात रंग उतरला तर पेंटर शेजारीच राहतो. वस्ती त्या भिंतीला पान खाऊन कुणाला थुंकू देत नाही. तरी भित्तिचित्रांच्या एकाही चकचकीत पुस्तकात ही भिंत मला सापडलेली नाही. नाशकातल्या किंवा वाईतल्या वाड्यांतल्या पेशवेकालीन भित्तिचित्रांवर अभ्यासक लिहितात, आणि लिहिलंच पाहिजे. पण जिवंत हात समोर रंगवत असताना त्याच्याकडे पाठ फिरवून?

महापालिकांच्या रंगकामाचा एक बचाव नेहमी होतो. निदान भिंत स्वच्छ राहते, लोक थुंकत नाहीत. हा बचाव मला मान्य नाही. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल लावतात त्या याच कारणासाठी, आणि त्यातून देवाचाही मान राहत नाही. चित्राला पहारेकरी म्हणून उभं केलं की ते चित्र राहत नाही. दुसरा बचाव पैशांचा. चित्रकार परवडत नाहीत म्हणे. हुसेनही चौरस फुटाच्या हिशेबानंच रंगवत होते. दर फुटाचा असावा, काही बिघडत नाही. बिघडतं ते चित्र निवडण्याचा आणि आखण्याचा हक्क रंगवणाऱ्याकडून काढून घेतल्यानं, आणि त्याचं नाव पुसल्यानं. तिसरा बचाव असा की दोन पावसाळ्यांत सगळं उडून जातं, मग एवढा विचार कशाला? समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, भेगाळलेल्या गिलाव्यावर रंग टिकत नाही हे खरं. पण रांगोळी दिवसभरच टिकते म्हणून कुणी ती वाकडी काढत नाही.

माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सार्वजनिक भिंतीवर चित्र निघालं की उजव्या कोपऱ्यात ते रंगवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल असावं, आणि निविदेत ही अट असावी. वारली चित्र हवं असेल तर ते वारली चित्रकाराकडूनच काढून घ्यावं, त्याला जागा दाखवावी आणि खांबावर नाच बसतो की नाही हे त्यालाच ठरवू द्यावं. तो नाही म्हणाला तर खांब साधा राहू द्यावा. जे.जे. आणि अभिनव या कलाशाळांनी होर्डिंगच्या काळातले जे पेंटर अजून आहेत त्यांना वर्गात बोलवावं, त्यांच्याकडून विद्यार्थ्यांना परांचीवर चढवावं. हे काम पाच-दहा वर्षांत झालं नाही तर नंतर शिकवायला कुणी उरणार नाही. वृत्तपत्रं प्रदर्शनांची परीक्षणं छापतात तशी त्यांनी भिंतींचीही छापावीत, नावं घेऊन, चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट म्हणून.

वाचकांना एवढंच सांगतो की तुमच्या प्रभागात भिंत रंगत असेल तर रंगवणाऱ्याला थांबून त्याचं नाव विचारा, आणि ते भिंतीवर नसेल तर प्रभाग कार्यालयाला पत्र लिहून का नाही ते विचारा.