साथीदाराचे कर्तृत्व : जो पास यांच्या चार तबकड्या

संगीतसमीक्षेत साथीदाराच्या वाट्याला ‘समर्पक’, ‘अनुरूप’ अशी विशेषणे येतात. विवेचन येत नाही. अमेरिकन जॅझ-गिटारवादक जो पास (१९२९–१९९४) यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. त्यांची कीर्ती मुख्यतः १९७३ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘व्हर्चुओसो’ या एकलवादनावर उभी आहे. तथापि त्याच वर्षी गायिका एला फिट्झजेराल्ड (१९१७–१९९६) यांच्यासमवेत त्यांनी ‘टेक लव्ह ईझी’ ही तबकडी केली. पुढे १९७६, १९८३ व १९८६ साली या दोघांच्या आणखी तीन तबकड्या निघाल्या. पास यांच्या कलेची खरी कसोटी या चार तबकड्यांत लागते.

पास यांची उमेदीची वर्षे अमली पदार्थांच्या व्यसनात गेली. कॅलिफोर्नियातील सिनॅनॉन या व्यसनमुक्ती-केंद्रातील वादकांसह १९६२ मध्ये केलेल्या तबकडीने ते जाणकारांच्या नजरेत भरले. इतक्या उशिरा संधी लाभलेल्या वादकास सारे कौशल्य प्रकट करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते.

मराठी रसिकाच्या परिचयाची हार्मोनियमची साथ गायकाच्या स्वरावलीचा मागोवा घेते. जॅझमधील गिटारचे कार्य निराळे आहे. ‘सी’ हा स्वर ‘सी’ मेजर या स्वरसंघातात आधारस्वर असतो, ‘ए’ मायनरमध्ये तृतीय, तर ‘एफ’ मेजरमध्ये पंचम. शब्दाचा अर्थ जसा वाक्यसंदर्भाने निश्चित होतो, तसे गायिकेच्या स्वराचे मूल्य हा संघात निश्चित करतो. साथीदार येथे केवळ अनुयायी नसतो. अर्थनिर्णयात तो भागीदार असतो.

या तबकड्यांत ड्रम नाही, बासही नाही. लय, खालचे स्वर आणि स्वरसंघात यांचा सारा भार एका गिटारवर आहे. ‘व्हर्चुओसो’मध्ये पास मोकळ्या जागा भरून काढतात; येथे त्या राखतात. पन्नाशी ओलांडलेल्या गायिकेच्या आवाजाची पूर्वीची झळाळी ओसरू लागली होती. मोठ्या वाद्यवृंदाने ते झाकले असते. पास झाकत नाहीत. ओळ चालू असता ते मोजक्या स्वरांवर थांबतात आणि गायिका श्वास घेते तेथे उत्तर देतात. क्वचित त्या उत्तरात एकलवादकाची द्रुत स्वरावली डोकावते व गीताचा भाव विचलित होतो, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु तो दोष जाणवतो, याचे कारणच असे की अन्यत्र संयम अढळ आहे.

एकाच वर्षीच्या या दोन ध्वनिमुद्रणांतील अंतर कौशल्याचे नाही, विवेकाचे आहे. त्या विवेकाचे वर्णन ‘समर्पक’ या एका विशेषणाने होत नाही.