पलटणीची फेरबांधणी

दिवाळी अंकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, एखाद्या नाटकाचे परीक्षणही असावे. पण कबड्डीच्या संघाचे परीक्षण कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. त्याला उत्तर एवढेच, की जी गोष्ट घरोघर जेवणाची ताटे पुढ्यात घेऊन पाहिली जाते, जिच्यावरून बापलेकांत वाद होतात आणि आजीसुद्धा मध्येच ‘कोण जिंकलं रे?’ म्हणून विचारते, तिची बरीवाईट पारख कुणीतरी निवांतपणे केली पाहिजे. जिंकणाऱ्याला हार आणि हरणाऱ्याला शिव्या, ही काही पारख नव्हे.

मी हे लिहितो आहे ते शिरूर अनंतपाळहून. लातूर जिल्ह्यातील हा लहानसा तालुका. आमच्याकडे दिवाळी येते ती सोयाबीनच्या राशी आणि भावाची चिंता बरोबर घेऊन. व्यावसायिक खेळाचा संघ इथे नाही. परंतु ‘बांधणी’ या शब्दाचा अर्थ आम्हांला वेगळा समजावून सांगायला नको. आमची काळी माती पिकाला चांगली, खेळाला वाईट. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती पाय सोडत नाही. कबड्डीचे मैदान करायचे तर तिच्यावर मुरूम पसरावा लागतो, पाणी मारावे लागते, चोपावे लागते; आणि एक पावसाळा गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच पुण्याच्या संघाने हरता हरता स्वतःला पुन्हा कसे उभे केले, हे पाहताना आमच्या माणसाची नजर गुणफलकाखालच्या मुरमाकडे जाते.

संघाचे नाव पुणेरी पलटण. व्यावसायिक कबड्डीची ‘प्रो कबड्डी’ स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तीत आठ संघ होते. पहिल्या हंगामात पलटण आठवी आली आणि दुसऱ्या हंगामातही आठवीच. मुंबईचा ‘यू मुंबा’ २०१५ साली विजेता झाला, त्यामुळे पुणेकरांचे दुःख दुप्पट झाले असणार हे सांगायला नकोच. पुढे मनजित छिल्लर आला, अजय ठाकूर आला, आणि २०१६ मध्ये झालेल्या दोन्ही हंगामांत पलटण तिसरी आली. वाटले, संघ उभा राहिला. पण नंतर दीपक हुडा, गिरीश इरनाक, सुरजित सिंग असे दरसाल कर्णधार बदलत गेले, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही हंगामांत संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

या पडझडीचे कारण काय? माझ्या मते ते जुन्या हुतूतूच्या शब्दांतच चांगले सांगता येते. हुतूतूचे तीन प्रकार होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसे तो बसलाच. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी मारला, की आपला एक गडी उठून पुन्हा मैदानात येई. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आली आहे. मैदानावर पलटण संजीवनी खेळत होती. पण कचेरीत ती गामिनीच खेळत राहिली. हंगाम फसला की गडी बाहेर, कर्णधार नवा, नावे नवी. पराभवातून एखादा शहाणा झाला असेल, तर ते शहाणपण तो दुसऱ्या संघात घेऊन गेला.

बदल सुरू झाला तो २०२१ च्या डिसेंबरात, आठव्या हंगामात. साथीमुळे सारे सामने बंगळूरला, प्रेक्षकांवाचून झाले. शिक्षक होता अनुपकुमार. संघात राहुल चौधरी होता, आणि २०१७ च्या लिलावात ९३ लाखांची बोली मिळवणारा नितीन तोमर कर्णधार होता. जाहिरातीतली नावे हीच. परंतु त्या रिकाम्या प्रेक्षागारात चढाईचा भार हळूहळू दोन नवख्या पोरांच्या खांद्यांवर आला. एक हरियाणाचा मोहित गोयत आणि दुसरा आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार. दोघांचाही हा पहिलाच हंगाम. पलटण रडतखडत बाद फेरीत पोहोचली आणि तिथे उत्तर प्रदेशच्या संघाकडून हरली. वर्तमानपत्राच्या हिशेबी हा एक फसलेला हंगाम होता. मला मात्र संघाच्या साऱ्या इतिहासात तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कारण मुरूम त्या वर्षी पडला.

नवव्या हंगामासाठी बी. सी. रमेश शिक्षक झाला. २०१९ मध्ये बंगालच्या संघाला त्याने विजेतेपद मिळवून दिले होते. इराणचा नामांकित बचावपटू फजल अत्राचली कर्णधार म्हणून आला आणि पलटण प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने तिला ३३-२९ असे हरवले. चार गुणांचे अंतर! अशा वेळी व्यवस्थापकाच्या मनात काय येते हे आपण सारे जाणतो. लग्न मोडलेल्या घरात जसे ज्याचा त्याच्यावर ठपका ठेवतात, तसे खेळातही होते. पोरे कच्ची ठरली, मोठा चढाईपटू घ्या, शिक्षक बदला, असे सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते.

पलटणीने नेमके उलटे केले. शिक्षक ठेवला. अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे, आदित्य शिंदे, अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत ही तरुण फळी ठेवली. सोडले ते नामवंत कर्णधाराला, आणि कर्णधारपद अस्लमकडे दिले. पराभवाला साक्ष असलेली माणसे तिने हाताशी राखली. पलटणीच्या फेरबांधणीचा सारा अर्थ मला या एका निर्णयात दिसतो.

हे कबड्डीत अधिकच खरे आहे, याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. चढाई एकट्याची, तीस सेकंदांचा दम, आणि जे काय करायचे ते स्वतःच्या जिवावर. ती डोळ्यांत भरते. पण बचाव साखळीचा. कोपरारक्षक झेप घेतो त्या क्षणी शेजारच्याने कुठे सरकायचे, हात कधी सोडायचा, घोटा धरणाऱ्याच्या मागून कमरेला कोणी जायचे, हे बोलून ठरत नाही. बोलायला तेवढा वेळच नसतो. ते हातांना ठाऊक असावे लागते. हातांना ते ठाऊक होते ते एकत्र हरल्याने, एकत्र चुकल्याने, आणि पुन्हा तेच सात जण उभे राहिल्याने. चढाईपटू लिलावात मिळतो. साखळी मिळत नाही.

मग दहावा हंगाम आला. साखळी फेरीच्या २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि फक्त २ पराभव. ९६ गुणांसह पहिला क्रमांक. उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७-२१ असे हरवले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाविरुद्ध २८-२५ अशा फरकाने विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात पंकज मोहितेने मध्यंतरापूर्वी एका चढाईत चार गडी टिपले, ते ज्यांनी पाहिले त्यांच्या लक्षात असेल. पण मला अधिक बोलका वाटतो तो २५ हा हरियाणाचा आकडा. चाळीस मिनिटांच्या अंतिम सामन्यात प्रतिपक्षाला पंचवीसवर रोखणे हे साखळीचे काम आहे.

इथपर्यंत गोष्ट सुरेख आहे. इतकी सुरेख, की तिच्याकडे जरा संशयाने पाहणे हे टीकाकाराचे कर्तव्य ठरते. ‘घरची पोरे घडवली आणि जिंकलो’ असे जे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्या भारतीय संघात अस्लम होता आणि समोर इराणचा महंमदरझा शादलुई. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पलटणीने याच शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. खरेदीची मर्यादा ५ कोटींची. म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका माणसापायी रिकामी झाली! हंगामातला सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. तेव्हा पलटण पैशावाचून जिंकली असे कुणी म्हणू नये. आधी भिंत उभी होती आणि पैसा तुळईला खर्च झाला, एवढेच म्हणावे. भिंतीवाचून तुळई विकत घेणारे संघ पुष्कळ आहेत. ती ते अंगणात ठेवून देतात.

परदेशातही फेरबांधणीचा गाजावाजा फार. अमेरिकेत बेसबॉलच्या संघांनी तर तिचे शास्त्रच केले आहे. तिथे जो संघ सर्वांत वाईट खेळतो त्याला पुढे नवोदित खेळाडू निवडण्यात अग्रहक्क मिळे. ह्यूस्टनचा संघ २०११, २०१२ आणि २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरला, त्या हक्काने गुणी पोरे जमवली आणि २०१७ मध्ये विजेता झाला. पुढे २०२० मध्ये चौकशीअंती ठरले, की त्या विजयाच्या वर्षी हा संघ कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिपक्षाच्या खुणा चोरत होता, आणि त्याला दंड झाला. या उदाहरणावरून बोध एकच घ्यावा : हरणे हाच ज्या बांधणीचा मार्ग असतो, तिथे प्रेक्षकाने तिकीट कशाचे काढावे? पलटणीच्या बाजूने हे सांगितले पाहिजे, की ती हरली ती जिंकण्याचा प्रयत्न करीत असता हरली. तिच्या फेरबांधणीत लबाडी नव्हती, उशीर होता.

आणि बांधलेले टिकते किती? ऑगस्ट २०२४ च्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला. विजेती पलटण अकराव्या हंगामात बाद फेरीलाही मुकली. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी विजेतेपदाचा चषक हरियाणाने उचलला, तोही पुण्यात, बालेवाडीला! शिक्षक बदलला, पूर्वी याच संघातून चढाया करणारा अजय ठाकूर आता शिक्षक म्हणून आला. २०२५ मध्ये अस्लमची पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली आणि ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. गंमत पाहा : २८ गुणांनी २०२४ मध्ये चषक दिला, आणि तेवढ्याच २८ गुणांनी २०२५ मध्ये तो दिला नाही. ‘चषकावरून संघ ओळखावा’ म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांपुढे थोडा वेळ बसावे. चार हंगामांत तीनदा अंतिम सामना, ही त्या फेरबांधणीची खरी कमाई.

एक उणीव मात्र स्पष्टपणे मांडली पाहिजे, आणि ती केवळ पलटणीची नाही. संघाच्या नावात पुणे आहे. पण त्याच्या बळात नगरचे खेडे आहे, हरियाणाचे आहे, तमिळनाडूचे आहे. ‘युवा पलटण’ म्हणून या संघाने नवोदितांची वेगळी फळी घडवली, हे चांगलेच झाले. तरी तिथपर्यंत पोहोचण्याआधी पोराने कुठेतरी पहिली दहा वर्षे खेळलेले असते, आणि ते ‘कुठेतरी’ म्हणजे आमच्यासारखी गावे. आमच्या जिल्ह्याने रामलिंग मुदगडचा हरिश्चंद्र बिराजदार कुस्तीला दिला. म्हणजे मातीत बळ नाही असे नव्हे. पण आजचा व्यावसायिक सामना गादीवर होतो, आणि गादी गावाला परवडत नाही. मातीवर शिकलेला पाय गादीवर नव्याने शिकावा लागतो, आणि या नव्याने शिकण्यातच पुष्कळांचे वय निघून जाते. कोट्यवधींच्या लिलावाला टाळ्या वाजवणाऱ्या व्यवस्थेने तालुक्याला एक गादी आणि एक शिक्षक एवढे दिले, तरी पुढच्या फेरबांधणीला परक्या थैलीची गरज कमी पडेल.

दिवाळीच्या दिवसांत घरोघर जुन्या भिंतींना रंग देतात. पण भिंतीत ओल असेल तर शहाणा माणूस आधी पोपडे खरवडतो, गिलावा वाळू देतो, आणि शेजाऱ्याचे घर रंगून झाले तरी घाई करीत नाही. २०२२ च्या पराभवानंतर पलटणीने हा शहाणपणा दाखवला. तो तिने चषकासाठी दाखवला असेल. आपण मात्र तो चषकाहून मोठा मानावा. आपल्या घरातला मुलगा परीक्षेत, पिकात किंवा मैदानात एकदा चार गुणांनी हरून आला, तर त्याच्याशी गामिनी खेळायची की संजीवनी, हे ठरवणे शेवटी आपल्याच हाती असते.